गौरवाची कसोटी गावाच्या वेशीवर

(कनेरगाव नाका, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कनेरगावच्या नावाला 'नाका' हा शब्द चिकटला आहे, तो सीमेची आठवण म्हणून. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पुढे पैनगंगा, आणि नदीपलीकडे वऱ्हाड. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत अलीकडे निजामी राज्य होते. ती हद्द इतिहासजमा झाली, हे योग्यच झाले. परंतु नाक्याची एक सवय मात्र टिकण्यासारखी आहे. आत काय येते, बाहेर काय जाते, याची विचारपूस करणे आणि त्याचा हिशेब मागणे, ही ती सवय.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांतील एक हिंगोलीचे आणि एक वाशीमचे. म्हणजे या नाक्याच्या दोन्ही अंगांना आता वैद्यकाचे प्राध्यापक आहेत. पूर्वी ज्या भागातील रोग्याला खाटेवर घालून मैलोगणती न्यावे लागे, त्या भागाला ही गोष्ट लहान नाही. तेव्हा नाक्यावरचा जुना प्रश्न नव्याने विचारला पाहिजे. या दोन विद्यालयांतून गावाकडे काय येणार? आणि गावाकडून तिकडे केवळ रोगीच जाणार, की गावाचा अनुभवही जाणार?

आजचा विषय आहे सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या विद्यापीठीय अध्यापकांचा गौरव. विषय ऐकून काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. ज्यांना वेतन आयोग मिळाला, राहायला निवासस्थान मिळाले, त्यांच्या शालश्रीफळाची काळजी रोजंदारीवर जगणाऱ्याने का वाहावी? शंका रास्त आहे. परंतु समाज कोणाला मान देतो यावरूनच तो कशाची मागणी करतो हे ठरत असते. ज्या विद्यापीठात शस्त्रक्रियेच्या कौशल्याला मान आणि पाणी शुद्ध करण्याच्या खटपटीला उपेक्षा, त्या विद्यापीठातील हुशार मुलगा कोठे वळेल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून हा प्रश्न शालीचा नाही. शिक्षणाची दिशा कोण ठरवतो, याचा तो प्रश्न आहे.

न आलेल्या रोग्याचे वैद्यक

सार्वजनिक आरोग्याचे काम म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकाची फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. रुग्णालयात ही माणसे एकेक करून आली. खाटेजवळच्या डॉक्टराचे कर्तव्य होते त्या एकेका माणसाचा जीव वाचवणे. परंतु त्याच वेळी आणखी काही प्रश्न विचारणारा कोणी तरी लागतो. हे सारे एकाच हंगामात का आले? पाठीवरचा पंप कोणता होता? कोणती दोन औषधे एकत्र कालवली गेली? मजुराला हातमोजे आणि तोंडावरचा पट्टा कोणी दिला नाही? डोक्यावरून उंच गेलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावर उलटतो, हे कृषी खात्याला कोणी कळवले? पहिला डॉक्टर आलेल्या रोग्यावर उपचार करतो. दुसरा, उद्या येऊ नये अशा रोग्याची चिंता वाहतो. समाजाला दोघांचीही गरज आहे. परंतु पहिल्याचे ऋण मानणारा माणूस बरा होऊन समोर उभा असतो. दुसऱ्याचे ऋण कोण मानणार? ज्या बाळाला हगवण झालीच नाही, त्याची आई पेढे घेऊन येत नाही. जी कावीळ गावात शिरलीच नाही, तिची बातमी होत नाही.

या कामाचे यश असे अदृश्य असते. म्हणूनच त्याचा गौरव आपोआप होत नाही; तो जाणीवपूर्वक, संस्थेने नियम करून करावा लागतो. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयांच्या संघटनेने संशोधन आणि अध्यापन यांच्या जोडीला प्रत्यक्ष आरोग्यकार्यासाठी अध्यापकांचा स्वतंत्र सन्मान ठेवला, तो याच विचाराने. त्या देशाची सारी आरोग्यव्यवस्था पैशाच्या पाठीमागे धावते, हे खरे. तरीही एवढी एक गोष्ट तेथून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे काय झाले? १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे आणि त्यातून समाजाचा वैद्य घडवावा, असे सांगितले होते. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाचे तोंड गावाकडे वळवण्याचा आग्रह धरला. १९७७ मध्ये त्यासाठी योजना आली, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. अलीकडे, २०२२ पासून, प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम आहे. म्हणजे विचाराची वाण कधीच नव्हती. वाण होती ती एका साध्या गोष्टीची. विद्यार्थ्यांना गावात नेणाऱ्या अध्यापकाच्या बढतीत त्या गावाला स्थान नव्हते. पदोन्नतीसाठी ठरावीक शोधनिबंध लागतात. अमुक इतक्या विहिरींचे पाणी पिण्यालायक झाले, हे कोठल्याही रकान्यात बसत नाही. माणूस वाईट नसतो. रकाने त्याला वळण लावतात.

भारतीय वैद्यक परिषदेने डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ १९६२ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. त्यात नामांकित वैद्यकीय अध्यापकांसाठी एक वर्ग, आणि सामाजिक व वैद्यकीय सेवेसाठी दुसरा वर्ग, अशी विभागणी राहिली. विभागणीमागचा हेतू चांगला असेल. परंतु तिच्यातून एक समजूत नकळत पक्की होते, की शिकवणारा एक आणि सेवा करणारा दुसरा. नेमकी हीच फारकत मोडायची आहे.

मोडलेल्या फारकतीची उदाहरणे

ती मोडता येते याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव नेमून दिले जाते. मुले त्या गावात जाऊन राहतात, घरोघर फिरतात आणि पुढेही त्या घरांशी संबंध ठेवतात. त्याच संस्थेतील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविम्याची योजना उभी केली. सुगीला ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, गावातील बहुसंख्य कुटुंबांनी सामील व्हायचे, आणि मोबदल्यात गावाला औषधपाणी व रुग्णालयाचा आधार मिळायचा. ज्वारीची किंमत किती, हा मुद्दा गौण आहे. ज्याने आपल्या कणगीतून पायली दिली, तो दवाखान्यात याचक म्हणून येत नाही, हक्कदार म्हणून येतो. एका प्राध्यापकाला हे सुचले, कारण तो गावच्या चावडीवर बसत होता.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात नवजात शिशूंच्या विभागाच्या प्राध्यापक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली. तशी पेढी देशात पूर्वी नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डब्यातले दूध देण्याऐवजी दुसऱ्या आईचे दूध मिळावे, एवढीच ती कल्पना. शेजारी धारावी, आणि बाळ दगावण्याची मुळे तेथल्या गल्ल्यांत, हे ओळखून त्यांनी १९९९ मध्ये वस्तीत काम करणारी संस्थाही उभी केली.

याच्या जोडीला विद्यापीठाच्या भिंतीबाहेरची उदाहरणे ठेवली म्हणजे चित्र पुरे होते. मराठवाड्याचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. त्यांनी रोग्याच्या उशाशी रात्री जागून लक्षणे टिपली. 'प्राझोसिन' हे रक्तदाबावरचे औषध या विषावर उपयोगी पडते, हे दाखवून दिले आणि 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात ते मांडले. २०२२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, बहुतांशी दलित व गरीब घरांतील बायकांना गावच्या आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची निगा राखण्याची पद्धत सिद्ध केली. ती १९९९ मध्ये जगापुढे आली आणि पुढे देशाच्या आरोग्यधोरणात तिने जागा मिळवली.

ही माणसे वंदनीय आहेत. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवून विद्यापीठांना मोकळे होता येणार नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, शेकडो विद्यार्थी आणि सरकारी पगार ज्यांच्यापाशी, त्यांनी करावयाचे शोध बिरवाडीच्या एकट्या डॉक्टराला कंदिलाच्या उजेडात का करावे लागले? बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये सर्रास काढली जात आहेत, हा प्रश्न महिला संघटना आणि पत्रकार यांनी ऐरणीवर आणला. त्यानंतर २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२,३०९ महिलांची पाहणी केली आणि त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कोयता हाती घेऊन सहा महिने परमुलखी जाणारी बाई, पाळीच्या दिवसांत एक खाडा झाला तरी मुकादमाच्या उचलीचा हिशेब चुकतो म्हणून भ्यालेली, हा वैद्यकाच्या अभ्यासाचा विषय नव्हे काय? हिंगोलीतूनही दिवाळीच्या सुमारास तांडेच्या तांडे उसाला जातात. येथल्या महाविद्यालयाने हा अभ्यास पहिल्या वर्षापासून हाती घेतला, तर त्याचा गौरव करायला हे गाव कमी पडणार नाही.

झाडू आणि अपमान

गौरवाची चर्चा करताना अपमानाची चर्चा टाळता येत नाही. २०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि दोन दिवसांनी हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी त्या महाविद्यालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. ते दृश्य सर्वांनी पाहिले.

लोकांचा संताप खोटा नव्हता. ज्या आईचे बाळ गेले तिला रिक्त पदांची यादी वाचून दाखवता येत नाही. पण औषधखरेदी कोणी रखडवली? परिचारिकांची पदे कोणी भरली नाहीत? चार-पाच जिल्ह्यांचे आणि शेजारच्या तेलंगणाचे रोगी एका रुग्णालयावर लोटले जातील अशी व्यवस्था कोणी केली? या प्रश्नांची उत्तरे शौचालयात नव्हती, ती मंत्रालयात होती. ज्याच्यापाशी अधिकार नाही त्याला शिक्षा, आणि ज्यांच्यापाशी अधिकार आहे ते छायाचित्रात, असा हा न्याय झाला.

याहून खोल जाणारी एक गोष्ट आहे. झाडू हाती घेणे हा या महाराष्ट्रात कधीच अपमान नव्हता. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला तो गावाला शहाणे करण्यासाठी; सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते झाडले ते देशसेवा म्हणून. सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा तोच आहे. परंतु तोच झाडू शिक्षा म्हणून एखाद्याच्या हाती दिला, की दोघांचा अपमान होतो. एक त्या अधिष्ठात्याचा, आणि दुसरा रोज ते काम करणाऱ्या सफाई कामगाराचा. कारण त्याचे काम म्हणजे शिक्षाच आहे, असे त्यातून जाहीर होते. ज्या समाजात सफाईचे काम ही शिक्षा मानली जाते, तेथे सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकाला मान कसा मिळणार? दोघांची प्रतिष्ठा एकाच धाग्याने बांधलेली आहे.

पुरस्काराचे धोके

मग उद्या एक पुरस्कार जाहीर करावा, मंत्र्यांच्या हस्ते द्यावा, आणि संपले? तसे झाले तर ते न झालेले बरे. धोके तीन आहेत.

पहिला धोका श्रेयाच्या अपहाराचा. गावात घरोघर जाऊन गरोदर बाईची नोंद करणारी, बाळाचे वजन घेणारी, लस द्यायला आईची समजूत घालणारी असते ती आशा. राज्यात अशा सुमारे सत्तर हजार स्त्रिया आहेत. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. आणि त्या मानधनासाठी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. तिच्या वहीतले आकडे प्राध्यापकाच्या निबंधात जातात. तिचे नाव मात्र जात नाही. अशा निबंधावर मिळालेले मानपत्र म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले खळे आपल्या अंगणात आणणे होय.

दुसरा धोका सरकारी मर्जीचा. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याला १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने सायलेशियातील साथीच्या ज्वराची पाहणी करायला पाठवले. त्याने परत येऊन औषधांची यादी दिली नाही. दारिद्र्य, अज्ञान आणि लोकांच्या हाती सत्ता नसणे हे रोगाचे कारण आहे, आणि पूर्ण लोकशाही, शिक्षण व समृद्धी हा त्यावर उपाय आहे, असे त्याने सांगितले. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील त्याच्या नोकरीवर गदा आली, आणि तो वुर्त्सबुर्गच्या विद्यापीठात गेला. सात वर्षांनी बर्लिनने त्याला परत बोलावले. सार्वजनिक आरोग्याचा प्रामाणिक अध्यापक कधी ना कधी सत्तेला नको असलेले बोलतोच. सत्तेच्या हातचा पुरस्कार त्याच्यापर्यंत पोहोचेल काय, याचा विचार आधीच केलेला बरा.

तिसरा धोका देखाव्याचा. एक शिबिर, एक फलक, रांगेत बसलेल्या बायका आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. शिबिर संपले की मोटार गेली आणि गावातले गटार होते तेथेच राहिले. 'दत्तक' या शब्दातही हाच दोष लपलेला आहे. गाव अनाथ नाही. त्याला ग्रामसभा आहे, कर भरणारे नागरिक आहेत. त्याला पालक नको, भागीदार हवा.

कसोटी कोणती असावी

हे धोके ओळखून कसोटी ठरवली तर पुरस्कार परिवर्तनाचे साधन होऊ शकतो. १९९८ पासून राज्यातील सारी वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आणण्याची व्यवस्था झाली आहे. मागणी त्या विद्यापीठाकडे करावयाची आहे, आणि ती पुढीलप्रमाणे असावी.

एक, अध्यापकाने किमान पाच वर्षे एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात सातत्याने काम केलेले असावे. दोन, कामाचा अहवाल त्याने मराठीत, ग्रामसभेपुढे वाचलेला असावा, आणि ग्रामसभेने त्यावर आपले मत नोंदवलेले असावे. ज्या गावाच्या रक्ताचे नमुने घेतले त्या गावाला निष्कर्ष कळू नये, हा अन्याय बंद झाला पाहिजे. तीन, अध्यापकाची बदली झाल्यावरही काम टिकले आहे काय, हे पाहावे. जे काम माणसाबरोबर निघून जाते ते परोपकार असते. जे मागे राहते ती व्यवस्था असते. चार, मानपत्रावर आशा, परिचारिका, आरोग्यसेवक आणि सफाई कामगार यांची नावे अध्यापकाच्या नावाबरोबर असावीत. पाच, निवड समितीत शासनाचे बहुमत नसावे. आरोग्यसेविकांचे आणि रुग्णांचे प्रतिनिधी असावेत. आणि सहावी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: अशा कामाला पदोन्नतीत शोधनिबंधाइतकेच वजन मिळावे. वर्षातून एकाला शाल आणि बाकीच्यांना जुनेच रकाने, असे होऊ नये. पुरस्काराची रक्कमही व्यक्तीच्या खिशात न जाता त्या परिसरातील पाणीतपासणीला, वाहनाला, एका जास्तीच्या परिचारिकेला जावी. प्रामाणिक अध्यापकाला त्याचाच आनंद अधिक होईल.

यावर आक्षेप येईल की खेड्यातील माणसाला वैद्यकशास्त्रातले काय कळते? औषधाची मात्रा त्याला कळत नाही, हे खरे. पण डॉक्टर आला होता की नाही, उपकेंद्राचे कुलूप कोणत्या दिवशी उघडले, हातपंपाचे पाणी बदलले की नाही, बाळंतीण वाटेत अडकली की वेळेवर पोहोचली, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या परीक्षेत हेच प्रश्न असतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे? हिंगोली आणि वाशीम येथील महाविद्यालये अजून कोवळी आहेत. कोवळ्या रोपालाच वळण लागते. त्यांच्याकडे मोर्चा घेऊन जाण्यापूर्वी एकदा पाटीपेन्सिल घेऊन जावे. विद्यार्थ्यांनी कोणती गावे घेतली आहेत, कोणत्या वस्त्या गाळल्या आहेत, तांडा आणि दलित वस्ती त्यात आहे काय, हे विचारावे. गावात आलेल्या मुलामुलींना घर दाखवावे, भाकरी द्यावी, आणि आपल्या गावच्या दुखण्याची यादी त्यांच्या हाती द्यावी. फवारणीच्या हंगामात कोण आजारी पडले, उसाला गेलेल्या किती बायका कोणती दुखणी घेऊन परतल्या, याची वही प्रत्येक शाखेने ठेवावी. पदे रिक्त असतील तर लढा मंत्रालयाशी करावा, वॉर्डातल्या डॉक्टराशी नव्हे. आणि एखादा अध्यापक खरोखरच चिखल तुडवत वस्तीपर्यंत आला, सरकारला न रुचणारे सत्य बोलला, त्यासाठी त्याची बदली झाली, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. त्या दिवशीचा तो आधार हाच त्याचा पहिला आणि मोठा गौरव असेल. विद्यापीठाचे मानपत्र त्यानंतर आले तरी चालेल.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आज ज्ञानाची दोन घरे उभी आहेत. त्यांतले ज्ञान गावात किती उतरले, याचा हिशेब दरसाल मागितला पाहिजे. तो मागायला या नाक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.